अपघाताविना एकोणतीस दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

मुलगी आज सकाळी दोन्ही पोरांना आमच्याकडे सोडून गेली. तिच्या कचेरीचं बढतीआधीचं प्रशिक्षण आहे, सहा आठवड्यांचं, परगावी राहून करायचं. पोरांच्या शाळेतून तेवढी रजा घेतली आहे, अभ्यास इथेच करायचा. जावई बोटीवर इंजिनियर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. म्हणजे उरलो आम्ही दोघं म्हातारे. जाताना ती दारात घुटमळली. म्हणाली, "बाबा, बढती मिळाली की बदली मागता येते. इथलीच मागावी म्हणते. पण आधी ही दोघं इथे कशी रमतात ते बघू दे."

मी म्हटलं, "त्यात बघायचंय काय? तुला नाही का वाढवलं?"

त्यावर ती नुसती हसली, आणि ते हसणं दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. कारण खरं सांगायचं तर तिला हिने वाढवलं. मी कारखान्यात होतो. ती उठायच्या आत निघायचो, ती जेवून निजल्यावर परत यायचो. तिचा पहिला पडलेला दात मी पाहिला तो काडेपेटीत. त्या वर्षांचं आता काही करता येत नाही, पण ही दोन पोरं इथे राहिली तर निदान त्यांचे दात तरी तोंडात असताना बघायला मिळतील. पुढच्या वर्षाचे शाळाप्रवेश जानेवारीत सुरू होतात. कोपऱ्यावरच्या शाळेचा अर्ज मी आजच आणून ठेवला. हिला सांगितलेलं नाही. म्हणेल, बसलात का गुडघ्याला बाशिंग बांधून!

नातू सहा वर्षांचा. एका जागी पाच मिनिटं बसून दाखवलं तर बक्षीस द्यावं असा. त्याचं नाव मी भिंगरी ठेवलं. नात नऊची, त्याच्यावर सतत हुकूम सोडते, म्हणून ती मुकादम. दोघांनाही नावं पसंत आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार

दोन दिवसांत घराची पार दैना झाली. इमारतीचं अंगण पाइप टाकायला खणून ठेवलंय, माणूस बुडेल एवढे खड्डे, त्यामुळे पोरांना खाली सोडायची सोय नाही. मग सगळा धुडगूस घरातच. दिवाणावरून गादीवर उड्या. बाहेरच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत शर्यती. वळणावर भिंगरीच्या पायात मोजे, तो घसरत सरळ फ्रिजवर. काल खालच्या मजल्यावरची नर्स वर आली. बिचारी रात्रपाळी करते, दिवसा झोपते. म्हणाली, "काका, खेळू दे हो पोरांना, पण दुपारी एक ते चार तेवढं जरा दमानं घेतलं तर बरं होईल."

तिची चूक नाही. पण मी तरी हातावर हात ठेवून का बसावं? एकतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होतो. चारशे माणसं आणि दोन बॉयलर सांभाळले. दोन पोरं काय जड आहेत?

आज बसून नियम केले आणि स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीवर लावले. पळायचं तर अनवाणी, मोजे घालून नाही. उडी फक्त दिवाणावरून, खाली गादी असेल तरच, आणि एका वेळी एकच माणूस. चेंडू मोज्यांचा गुंडाळलेला. एक ते चार आवाज बंद, मग आभाळ कोसळलं तरी. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम: काही लागलं, पडलं, फुटलं तर ताबडतोब आजोबांना सांगायचं, सांगणाऱ्याला शिक्षा नाही. कारखान्यातही हेच होतं. मुकादमला एक वही आखून दिली. दिनांक, वेळ, ठिकाण, घटना, कारण, उपाय, आणि शेवटचा रकाना 'आजोबांना कळवले? होय / नाही'. तिने वहीला छातीशी धरलं. ही पोरगी माझ्यावर गेली आहे.

आणि फळा. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी लावला. वर रंगाने लिहिलं, 'अपघाताविना दिवस', खाली खडूने शून्य. रोज सकाळी चहाच्या वेळी एक वाढवायचा. कारखान्याच्या फाटकावर असाच होता. माझ्या कारकिर्दीत तो चारशे बारापर्यंत गेला होता, आजूबाजूच्या कुठल्याही कारखान्याला जमलं नव्हतं ते. पोरांना सांगितलं, तीस झाले की फळ्याचा फोटो तुमच्या आईला पाठवायचा आणि माझं पिवळं हेल्मेट तुमचं.

ही म्हणाली, "अहो, पोरं आहेत ती, बॉयलर नव्हेत."

९ नोव्हेंबर, रविवार

फळा चारवर होता. सकाळी अकराला मुकादम वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. भिंगरीचं कपाळ दाराच्या कडेवर आपटलं, टेंगूळ आलं, कारण शर्यत. सगळे रकाने भरलेले. शेवटी 'होय'. मला धन्य वाटलं. मोठमोठ्या पर्यवेक्षकांना असा अहवाल लिहिता येत नव्हता.

तिला शाबासकी दिली आणि फळ्यावरचा चार पुसून शून्य लिहिला. तिचा चेहरा पडला. "पण मी सांगितलं ना!"

"सांगितलंस म्हणून शिक्षा नाहीच केली. पण आकडा तो आकडा. खोटा कसा लिहायचा?" शर्यती मात्र आठवडाभर बंद केल्या. ती काही शिक्षा नव्हे, ती उपाययोजना.

भिंगरी टेंगुळाला हात लावत तिला म्हणाला, "तू कशाला सांगितलंस?" पोरच ते. हळूहळू कळेल.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी एक लिहिला. मुकादमने विचारलं, "आजोबा, सारखा सारखा शून्य झाला तर काय होईल?"

मी आपलं गमतीत म्हटलं, "काय होईल? तुझी आई प्रशिक्षण टाकून धावत येईल, आणि बढती गेली बोंबलत."

भिंगरी हसला. ती हसली नाही. कामाचं गांभीर्य असलेली मुलगी आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल हिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर झाकण. महिनाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही. म्हणजे पोरांच्या आंघोळी बंद. मुकादम म्हणाली, "आम्ही आमचं करू." आणि करतात. थंडीही पडली आहे. फळा सहावर.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दहा! पहिला दोन आकडी दिवस. दुपारी हिला डोळे दाखवायला न्यायचं होतं. पोरांना बरोबर नेऊन दवाखान्यात दोन तास खोळंबून ठेवण्यापेक्षा घरी ठेवलं. ही कुरकुरली. मी म्हटलं, दहा दिवसांत ओरखडा नाही, नियम तोंडपाठ आहेत, खाली नर्स आहे. दोन ते चार. परत आलो तर घर चिडीचूप. दोघं दिवाणावर शेजारी शेजारी बसलेली, मांडीवर उशी. मी हिला म्हटलं, "बघ! याला म्हणतात व्यवस्था."

भिंगरी जेवला नाही. दुपारी बिस्किटं खाल्ली असणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तेरा. भिंगरीमध्ये चांगलाच फरक आहे. उड्या नाहीत, पळापळ नाही. डावा हात स्वेटरच्या खिशात घालून एखाद्या साहेबासारखा घरातून फिरतो. मुकादम त्याला स्वेटर घालते, बटणं लावते, ताटात घास मोडून देते. भावंडांचं इतकं प्रेम मी पाहिलेलं नाही.

ही संध्याकाळी म्हणाली, "पोराचा चेहरा उतरलाय. जरा बघा ना त्याच्याकडे."

मी म्हटलं, "तुला एका डोळ्याने काय दिसणार? पोर शहाणं झालं की बायकांना ते आजारीच वाटतं."



२५ नोव्हेंबर, मंगळवार

सोळा. मुलीचा फोन आला. प्रशिक्षणात ती पहिल्या तिघांत आहे, बारा डिसेंबरला शेवटची परीक्षा. मी म्हटलं, तू बिनघोर राहा, इथे सगळं घड्याळाच्या काट्यावर चाललंय. मुलांशी बोलली. मुकादम फोनवर म्हणाली, "आई, सोळा झाले." आणि भिंगरीला फोन दिलाच नाही, तो झोपलाय म्हणाली. तो तर तिथेच बसला होता. मुलींना आई एकटीला हवी असते कधी कधी.

शाळेचा अर्ज पेन्सिलीने भरून ठेवला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आमच्या कारखान्यातला जुना फिटर हिची विचारपूस करायला आला. फळा बघून आधी थबकला, मग खोखो हसत सुटला. "साहेब, हा इथे पण!"

मी एकोणीसचा आकडा दाखवला. तो म्हणाला, "होणारच. तुमच्या हाताखाली आकडा वाढतोच. चारशे बारासाठी आम्ही काय काय पोटात घातलं, ते आमचं आम्हाला ठाऊक."

माणसांनी तेव्हा मेहनत घेतली होती हे खरंच. पण या फिटरचं बोलणं पहिल्यापासून तिरकस, कौतुक करतोय की टोमणा मारतोय कळत नाही. त्याने भिंगरीला "ये, पंजा लढवू" म्हटलं, तर भिंगरी उजवा पंजा पुढे करून लढला आणि हरला. फिटर जाताना त्याच्याकडे वळून वळून बघत होता.

२ डिसेंबर, मंगळवार

तेवीस. जिन्यात नर्स भेटली. म्हणाली, "काका, मुलं आईकडे गेली का? दोन आठवडे पावलाचासुद्धा आवाज नाही."

"आहेत की वरच," मी म्हटलं. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र काय हवं! ती मात्र म्हणाली, "नाही, मी दुपारचं तेवढं म्हटलं होतं. बाकी वेळ खेळू दे हो." लोकांना मूल दंगेखोर असलं तरी तक्रार, शांत असलं तरी काळजी.

६ डिसेंबर, शनिवार

सत्तावीस. आज मीच म्हटलं, चला, तासभर दिवाणावरून उड्या मारा, मोकळीक आहे. भिंगरी म्हणाला, "नको, आजोबा. मग तीस होणार नाहीत." मी त्याला उचलायला गेलो तर मागे सरला. मोठा झाला, लाड नकोसे झाले. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? तो आल्या आल्या दोन दिवस माझ्या खांद्यावर चढून बसायचा.

८ डिसेंबर, सोमवार

दवाखान्यातून आत्ता आलो. लिहायला बसलोय, कारण दुसरं काय करावं ते कळत नाही.

सकाळी फळ्यावर एकोणतीस लिहिले. अकराच्या सुमाराला भिंगरी जिन्यात उभा होता. नर्स कामावरून येत होती. तिने त्याला हातातला खाऊचा पुडा देऊ केला, दोन्ही हातांनी धर म्हणाली. त्याने एकच हात पुढे केला, पुडा पडला. तिने तिथेच खाली बसून त्याची बाही वर केली. त्याला तशीच वर घेऊन आली. काका म्हणाली नाही. फक्त विचारलं, "हा हात किती दिवस असा आहे?"

मी म्हटलं, "कसा आहे?"

मग तिने मला दाखवला. डाव्या कोपराची बाहेरची बाजू वर आलेली, हात अर्ध्यावर वाकलेला आणि सरळच होत नव्हता. मी हात लावला तर त्याने ओठ आत ओढून घेतले. रडला नाही.

दवाखान्यात हाताचे फोटो काढले. डॉक्टर बाई तरुण होत्या. म्हणाल्या, "मोडून जवळजवळ तीन आठवडे झालेत. तुकडा सरकून तसाच धरायला लागलाय. पहिल्या दोनचार दिवसांत आणला असता तर बहुतेक प्लास्टरवर भागलं असतं. आता उघडून बसवावं लागेल." मी विचारलं, हात पूर्ण सरळ होईल ना? त्या म्हणाल्या, "तसं मी लिहून देऊ शकत नाही." लिहून. त्यांनाही लिहून देण्याचीच भाषा.

त्याला भरती केलं. ही त्याच्यापाशी बसली आहे. एका डोळ्याने काय दिसणार, असं मी तिला म्हटलं होतं. तिला दिसलं होतं. माझे दोन्ही डोळे धड होते. 

मुकादमला घेऊन मी घरी आलो. ती दप्तरापाशी गेली आणि गणिताची वही आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "यात सगळं खरं आहे." मग थोड्या वेळाने, "आजोबा, एकच दिवस उरला होता."

९ डिसेंबर, मंगळवार

वहीची मागची पानं. तिने रकाने आखले आहेत, माझ्यासारखेच, पट्टीने. काही ओळी उतरवून घेतो. माझ्याजवळ राहिल्या पाहिजेत.

'दिनांक १९. वेळ तीनला पाच कमी. ठिकाण दिवाण. घटना: तो गादीच्या बाहेर पडला, डाव्या हातावर. कारण: मी म्हटलं अजून लांब मार. उपाय: गार पाणी. रडायला लागला म्हणून तोंडावर उशी दिली कारण एक ते चार आवाज बंद. आजोबांना कळवले? नाही.'

'दिनांक २०. हात जाड झाला. स्वेटर घातला. आजोबांना कळवले? नाही.'

'दिनांक २४. तो म्हणाला आजोबांना सांगू. मी म्हटलं अजून पंधरा दिवस. त्याला माझी गोष्टीची तिन्ही पुस्तकं दिली. आजोबांना कळवले? नाही.'

'दिनांक १. हात सरळ होत नाही. उपाय: सगळे खेळ बंद. खेळलं नाही की लागत नाही. आजोबांना कळवले? नाही.'

शेवटच्या रकान्याखाली एकोणीस वेळा नाही. मी तो रकाना आखून दिला नसता तर तिला रोज ते लिहावं लागलं नसतं.

तिला जवळ घेऊन विचारलं, मी रागावेन म्हणून सांगितलं नाहीस का? तिने मान हलवली. म्हणाली, "तुम्ही कुठे रागावता? शून्य झाला असता. मग आई प्रशिक्षण टाकून आली असती."

मला ते बोललेलं आठवतसुद्धा नव्हतं. या रोजनिशीची मागची पानं उलटली तेव्हा सापडलं. माझ्याच अक्षरात आहे, गमतीत म्हटलं असं लिहिलेलं.

मुलगी दुपारच्या गाडीने आली. परीक्षा तीन दिवसांवर आलेली, ती टाकून. दारातून आत आल्या आल्या मुकादम तिच्या कमरेला बिलगली आणि हुंदके देत म्हणाली, "सॉरी आई, सॉरी, तुला यावं लागलं." मी फळा उतरवायला गेलो, तर खिळा भिंतीत असा बसला होता की निघेना. तसाच ओढला, तेव्हा भिंतीचा पोपडाही आला.

११ डिसेंबर, गुरुवार

काल ऑपरेशन झालं. दोन तारा घातल्या आहेत. शुद्धीवर आल्यावर त्याने आधी आईला विचारलं, "आता किती झाले?" तिला कळलं नाही तो काय विचारतोय. मला कळलं. मी खोलीबाहेर गेलो.

१४ डिसेंबर, रविवार

फिटरला फोन केला. आडवळणाने बोलायचं ठरवलं होतं, पण सरळच विचारलं, चारशे बारा दिवसांत लपवलेले किती होते?

तो म्हणाला, "आता कशाला साहेब? झालं गेलं."

"सांग."

"मला आठवतात ते तेरा." मग म्हणाला, "एकाच्या पायाची दोन बोटं गेली होती. आम्ही त्याला गावी आजारी म्हणून दाखवलं. तुम्ही माणूस वाईट नव्हता हो. तुम्ही सकाळी त्या आकड्याकडे बघायचात ना, तेव्हा तुमचा चेहराच असा व्हायचा की कुणाला सांगवेना."

त्या दोन बोटांचा माणूस माझ्या निरोपसमारंभाला आला होता. लंगडत होता. मी त्याला म्हटलं होतं, काय रे, म्हातारपण आलं का लवकर? सगळे हसले होते. मी तेव्हा विचारायला हवं होतं. तोही हसला होता.

१६ डिसेंबर, मंगळवार

मुलगी उद्या दोघांना घेऊन तिच्या घरी जाते आहे. बढती या वर्षी हुकली; पुन्हा संधी कधी, कोण जाणे. ती माझ्यावर ओरडली नाही. भांडी पुसता पुसता शांतपणे म्हणाली, "बाबा, मी बदली मागत नाहीये."

मी म्हटलं, "मी नियम काढून टाकले. सगळे."

"नियमांचं काही नाही हो. नियम तर माझ्याकडेही आहेत. मोजे घालून पळू नका, मीही ओरडतेच." एक ताट पुसून झालं, दुसरं घेतलं. "तुमच्याकडे काही चांगलं असलं तरच घेऊन यायचं, हे मलाही सवयीचं होतं. प्रगतिपुस्तकात कमी गुण असले की मी आईची सही घ्यायचे. तुम्हाला माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, तिला कमी गुण कधी पडलेच नाहीत. इतकी वर्षं मी चारचौघांत तसं सांगत आलो.

तिने ताट जागेवर ठेवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यापेक्षा ओरडली असती तर चाललं असतं. शाळेचा अर्ज मी खोडरबराने स्वच्छ पुसला. कोरा करून परत द्यायचा म्हणून. मग लक्षात आलं की कोरे अर्ज शाळेत ढिगाने असतात.

८ फेब्रुवारी, रविवार

बऱ्याच दिवसांनी वही उघडली. आम्ही दोघं कालपासून मुलीकडे आहोत. नको नको म्हणत होतो, पण हिने पिशवी भरली. म्हणाली, "चूक केलीत तर केलीत. आता तोंड लपवून बसलात तर दुसरी कराल."

भिंगरीच्या तारा काढल्या. हात बराच मोकळा झालाय, पण पुढे लांब केला की शेवटचा थोडा राहतो, बोटभर वाकलेलाच. रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम करतो. मुकादम त्याच्यासोबत बसून मोठ्याने आकडे मोजते. मला बघून तिने मोजणं मनातल्या मनात सुरू केलं. दोघं माझ्याशी चांगली वागतात. पाया पडून झालं, शाळेचं सांगून झालं, चित्रं दाखवून झाली. सगळी चित्रं चांगली होती. एखादं बिघडलेलं दाखव ना, असं मी मुकादमला म्हटलं, तर म्हणाली, बिघडलेलं एकही नाही.

आज दुपारी मी पुढच्या खोलीत पेपर वाचत बसलो होतो. ही आणि मुलगी आत. भिंगरी आतल्या खोलीतून धावत आला, बऱ्याच दिवसांनी मी त्याला तसा धावताना पाहिला, आणि उंबऱ्याला पाय अडकून माझ्यापुढे दोन हातांवर पालथा पडला. जोरात पडला. मी पेपर टाकून उठलो. तो माझ्याआधी उठला. गुडघा सोललेला, रक्ताची धार पोटरीपर्यंत आलेली.

"लागलं का रे? बघू."

"नाही लागलं." हसून म्हणाला. डोळे भरून आले होते, आणि तो तसाच हसत उभा होता.

"अरे, रक्त येतंय. दुखतंय ना? सांग मला. मी काही म्हणणार नाही."

"नाही दुखत, आजोबा. खरंच नाही."

मी खाली बसलो, त्याच्याएवढा झालो. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तो पाय थोडा मागे घेऊन अदबीने उभा होता, पाहुण्यांसमोर उभं राहतात तसा. मी त्याला हात लावायला धजलो नाही.

तेवढ्यात आवाज ऐकून त्याची आई दारात आली. तिने काही विचारलंसुद्धा नाही. तिला बघितलं मात्र, त्याचा चेहरा एकदम चुरगळला आणि त्याने भोकाड पसरलं. धावत जाऊन तिच्या पोटात तोंड खुपसलं, "लागलं, खूप लागलं, इथे पण लागलं आणि हाताला पण," असं म्हणत एक एक जागा दाखवत सुटला. चार ठिकाणी लागलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसून ते मोजत होतो.

"बाबा, कापूस द्या ना जरा," मुलगी म्हणाली.

मी उठलो. कपाटापर्यंत गेलो. या घरात कापूस कुठे ठेवतात ते मला माहीत नव्हतं, आणि कुणाला न विचारता मी एक एक खण उघडून बघू लागलो.